रेडिओ-नियंत्रित मोटारीचे कवच : कापणी व बसवणी

रेडिओ-नियंत्रित खेळमोटारीचे कवच बहुधा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे, सुमारे १ मिमी. किंवा त्याहून पातळ असते. रंग आतून देतात. म्हणून बाहेर ओरखडे पडले तरी तो टिकतो. मोटारीच्या सांगाड्यावरील ज्या खुंट्यांवर कवच बसते, त्यांच्या जागा रंगकामापूर्वीच, आरपार दिसत असताना, बाहेरील संरक्षक फिल्मवर खुणावतात. चाकांच्या कमानी वक्र कात्रीने कापतात. सरळ कडेवर कटरने हलका चरा पाडून जादा भाग वाकवला की तो स्वच्छ तुटतो. कापलेल्या कडा बारीक पॉलिशपेपरने घासाव्यात, कारण कडेवर राहिलेल्या खाचेतूनच तडा जातो. खुंट्यांची भोके रीमरने बेताबेताने वाढवून कवच क्लिपांनी अडकवतात. चाके पूर्ण वळवून व सस्पेन्शन दाबून ती कोठे घासत नाहीत ना, हे तपासावे. फिल्म सर्वांत शेवटी काढावी.