रसायनशास्त्राचे शिक्षक कसे घडले



आपल्या मोखाडा-जव्हारच्या डोंगरातून एखादा मुलगा किंवा मुलगी दहावी पास होऊन विज्ञान शाखेला जाते, तेव्हा घरात ईद असल्यासारखा आनंद होतो. फी, पुस्तके, एस. टी.चा पास, राहण्याची सोय, या सर्वांचा हिशेब आपण बारकाईने करतो. एक प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. बारावीला गेलेले मूल रसायनशास्त्राची जी जाडजूड जर्नल वही घरी आणते, तिच्यातील प्रयोग त्याने स्वतःच्या हाताने केलेले आहेत काय?

प्रस्तुत लेखक ज्या कॉलेजात शिकला (नाव सांगण्याचे कारण नाही), तेथे ‘सॉल्ट ओळखणे’ हा प्रयोग असा होई: निळे खडे दिसले की मोरचूद, अंड्यासारखा कुजका वास आला की सल्फाइड. बाकीचे सिनिअर विद्यार्थ्यांच्या वहीतून उतरवावयाचे. निरीक्षणाच्या रकान्यात आम्ही जे पाहिले ते नव्हे, तर जे दिसावयास हवे होते ते लिहीत असू. गुण चांगले मिळाले. पुढे स्वतः शिकवावयास उभे राहिल्यावर कळले की आपल्याला प्रयोग ‘करता’ येतो, पण तो फसला तर का फसला हे सांगता येत नाही. मुलाने अनपेक्षित प्रश्न विचारला की घाम फुटे. दोष मुलांचा नव्हता आणि केवळ शिक्षकाचाही नव्हता. शिक्षकाला तसे शिकविलेच कोणी नव्हते.

हे दुखणे आजचे नाही व केवळ आपल्याकडचेही नाही. रसायनशास्त्र हे नावच ‘अल्-किमिया’ या अरबी शब्दावरून युरोपात गेले, आणि ‘अल्कली’ हा शब्द वनस्पतींच्या राखेसाठी असलेल्या अरबी शब्दावरून आला, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेही. परंतु त्या जुन्या किमयागारांची खरी शिकवण भट्टीपुढे बसून हात काळे करण्याची होती, हे सांगावयाचे राहून जाते. विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत बसवून रसायनशास्त्र शिकविण्याची आधुनिक प्रथा जर्मनीतील गीसेन येथे लीबिग यांनी १८२४ नंतर रुजविली. पुढे इंग्लंडमध्ये हेन्री आर्मस्ट्राँग (१८४८–१९३७) या रसायनशास्त्रज्ञाने आग्रह धरला की शाळकरी मुलालाही शोधकाच्या जागी उभे करावे. लोखंड गंजते असे सांगू नये, गंजताना त्याचे वजन वाढते की घटते हे त्याच्याकडून काढवून घ्यावे. यावर टीका झाली की या रीतीने वेळ फार जातो व अभ्यासक्रम संपत नाही. पालकहो, ही तक्रार आपल्या ओळखीची वाटते ना?

१९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिका खडबडून जागी झाली. १९६० साली तेथे ‘केम स्टडी’ हा प्रकल्प सुरू झाला. नोबेल पारितोषिक विजेते ग्लेन सीबॉर्ग त्याचे अध्यक्ष होते आणि जॉर्ज पिमेंटेल यांनी संपादिलेले पाठ्यपुस्तक १९६३ साली बाहेर पडले. या अभ्यासक्रमातील पहिला प्रयोग कोणता असावा? जळती मेणबत्ती नुसती पाहून जे दिसेल ते लिहून काढणे! आपण म्हणू, दहा ओळींत संपेल. त्या पुस्तकाच्या परिशिष्टात एका मेणबत्तीची पन्नासांहून अधिक निरीक्षणे नोंदविलेली आहेत. वीज गेल्यावर आपल्या घरी मेणबत्ती लागतेच. आपल्या मुलांसह एकदा मोजून पाहा, विसावर पोहोचलात तरी शाबासकी घ्या.

त्याच १९६३ साली अमेरिकन मदतीने आपल्या देशात शिक्षकांसाठी उन्हाळी विज्ञान शिबिरे सुरू झाली. शाळा-कॉलेजांचे शिक्षक सुटीतील काही आठवडे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत राहून हे नवे साहित्य हाताळीत. अनेकांना आयुष्यात प्रथमच मनसोक्त प्रयोग करावयास मिळाले. पण शिबिर संपवून शिक्षक आपल्या शाळेत परत येई, तेव्हा तेथे तेच जुने पाठ्यपुस्तक, तीच परीक्षा आणि कुलूप लावलेले तेच कपाट असे. बी जातिवंत, पण माती बदललेली नाही, अशी ती स्थिती होती.

माती बदलण्याचा खरा प्रयत्न आपल्या शेजारच्या राज्यात झाला. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ साली विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ येथील शास्त्रज्ञ खेड्यातल्या गुरुजींबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करू लागले. हा कार्यक्रम सहावी ते आठवीसाठी होता, बारावीसाठी नव्हे. पण शिक्षक कसा तयार करावा याचा धडा त्यात आहे. एकदा प्रशिक्षण दिले आणि प्रमाणपत्र हाती ठेवले, असे तेथे नव्हते. सुटीत शिबिर, मग दर महिन्याला आसपासच्या शाळांच्या शिक्षकांची बैठक, त्यात कोणता प्रयोग कुठे फसला याची मोकळी चर्चा. परीक्षाही बदलली, पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहावयाची आणि प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावयाचा. मुलांच्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते, त्याला मुले पत्रे लिहीत. १९७८ साली हा कार्यक्रम सर्व जिल्ह्यात पसरला. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबते, ही गोष्ट संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

आपल्या महाराष्ट्रात या कामाचे घर म्हणजे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. प्रा. भा. मा. उदगावकर यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ते १९७४ साली काढले व प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांनी त्याची घडी बसविली. केंद्राने आरंभीच्या वर्षांतच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळा कामासाठी निवडल्या. तेथे जे आढळले ते आपल्या भागातील पालकांनी मुद्दाम वाचावे. मुलांना विज्ञान समजत नाही असे जे वाटत होते, त्यातला मोठा भाग विज्ञानाचा नव्हताच. तो पुस्तकातील अवघड, संस्कृतप्रचुर भाषेचा होता. भाषा सोपी केली की त्याच मुलांची समज वाढली.

जरा आपल्याकडे पाहा. आपल्या भागात कोणा मुलाच्या घरी वारली बोलतात, कोणाच्या घरी कातकरी, आपल्या घरी उर्दू किंवा दखनीच्या वळणाची बोली. शाळेत पुस्तकी मराठी, आणि अकरावीला एकदम इंग्रजी. घरी ज्याला ‘तेजाब’ म्हणतात त्याला दहावीपर्यंत ‘आम्ल’ म्हणावयाचे व पुढे ‘ॲसिड’. तीन नावांत वस्तू हरवते. लिंबाचा रस हळदीवर टाकला तर रंग बदलत नाही आणि चुना टाकला तर ती लाल होते, हे हाताने केलेल्या मुलाला मात्र वस्तू आधी भेटते व नाव नंतर. हातांनी शिकविण्याचा हा सर्वांत मोठा लाभ आहे, असे माझे मत आहे.

वरच्या इयत्तांच्या रसायनशास्त्राला याच केंद्रात पुढे वेगळी चालना मिळाली. १९९९ साली भारताचे विद्यार्थी आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडमध्ये प्रथम उतरले आणि २००१ साली ही स्पर्धा खुद्द मुंबईत भरली. बातम्या पदकांच्या आल्या. माझ्या मते पदकांपेक्षा महत्त्वाची गोष्ट पडद्यामागे घडली: कॉलेजांचे शिक्षक शिबिरांत एकत्र येऊन नवे प्रयोग स्वतः रचू लागले. तयार कृती पाठ करण्याऐवजी, आधी प्रश्न आणि मग त्याला साजेसा प्रयोग, ही सवय शिक्षकालाच लागली तर ती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते.

कोणी म्हणेल, हे मुंबईच्या प्रयोगशाळांचे झाले. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचे आणि आता पालघरचे टोक असलेल्या आमच्या मोखाड्यात काय? येथून फार दूर नाही, त्या डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांचे शिक्षण जवळपास मिळणाऱ्या बिया, पाने, शंख-शिंपल्यांतून उभे केले. रसायनशास्त्रालाही तोच मार्ग मोकळा आहे. सह्याद्रीच्या रानात हिरडा मिळतो. हिरड्याचा काढा आणि हिराकस एकत्र केले की जुन्या काळची काळी शाई होते. हिराकस नसेल तर लोखंडी खिळे काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवावेत. आता शिक्षकाने उत्तर न सांगता विचारावे: ताजे अक्षर फिके आणि दुसऱ्या दिवशी काळेभोर, असे का? बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट लावले तर आतली शाई तितकी काळी होते काय? लिंबाचा थेंब टाकल्यावर अक्षर का उडते? अकरावी-बारावीच्या पुस्तकांतील ऑक्सिडीकरण आणि संकुल संयुगे ही दोन्ही प्रकरणे या एका दौतीत आहेत. असा तास घ्यावयाचा तर शिक्षकाने शाई आधी स्वतः चार वेळा बिघडवलेली असली पाहिजे. त्यासाठी त्याला सवड, शाळेकडून थोडा खर्च आणि वरिष्ठांकडून ‘फसले तरी चालेल’ असा शब्द लागतो. संस्थेच्या सभेला येणाऱ्या पालकांनी नव्या बाकांबरोबर याचीही मागणी करावी, ही विनंती.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. आपल्या तालुक्यातील कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण आहे आणि तेथले पाणी मुंबईला जाते. उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर बायका हंडे घेऊन विहिरीवर रांग लावतात, हे तुम्ही पाहता. तर धरणाचे, विहिरीचे आणि पावसाचे असे तीन सारख्या बाटल्यांत सारखेच पाणी घ्या. अंगाच्या साबणाचा कीस गरम पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने प्रत्येकीत टाका, बाटली हलवा, आणि टिकणारा फेस यावयास किती थेंब लागले ते मोजा. मग विहिरीचे पाणी उकळून, गार करून, पुन्हा मोजा. आकडे बदलले तर का बदलले, हे आपल्या सरांना विचारण्याआधी वहीत स्वतःचा अंदाज लिहा. तुमच्या पाड्याच्या विहिरीचा आकडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला नाही.