बाप्तिस्म्याची नोंदवही आणि रक्ताचा दाखला



बेळगाव-निपाणी भागातल्या चर्चच्या कपाटात एक जाड वही असते, बाप्तिस्म्याची. बाळाचे नाव, आईवडिलांचे नाव, तारीख, पाळकांची सही. शाळेसाठी, लग्नासाठी दाखला हवा असला की लोक येतात आणि आपण उतारा लिहून देतो. आज लिहायचे आहे ते अशाच वह्यांविषयी, पण हिटलरच्या जर्मनीतल्या.

जर्मनी आपल्याला अगदीच परका नाही. शेजारच्या धारवाड-हुबळीत १८३० च्या दशकात आलेल्या बासेल मिशनचे कितीतरी मिशनरी दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गचे होते. गावोगावी शास्त्रपाठ आणि प्रार्थनासभा चालणारा तो मुलूख. पण ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला, तेव्हा तिथले बिशप थिओफिल वुर्म यांनीही आधी त्याचे स्वागतच केले. पुढे ते विरोधात उभे राहिले, हेही सांगितले पाहिजे. हरलेले युद्ध, बेकारी, साम्यवाद्यांची भीती यांनी गांजलेल्या प्रोटेस्टंट लोकांना हिटलर देवाने पाठवलेला वाटत होता. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याचा, पाळकांच्या तोंडी होताच. नाझींना मानणारा ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाचा गट काही फक्त राजधानीतून आला नाही. थुरिंगियातली त्याची शाखा वीरा खोऱ्यातल्या खेड्यांत, लेफ्लर आणि लॉइटहॉयझर या दोन तरुण पाळकांनी सुरू केली होती. २३ जुलै १९३३ च्या चर्च निवडणुकीत या गटाने बहुतेक प्रांत जिंकले.

भाषणे आणि झेंडे सगळ्यांना दिसतात. वहीचे काम मात्र शांतपणे चालले होते.

एप्रिल १९३३ च्या कायद्याने यहूदी वंशाच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढायचे ठरले. आजी-आजोबांपैकी एक जण जरी यहूदी असला, तरी तो माणूस ‘अनार्य’. आता आजोबांचा जन्म सिद्ध करायचा कसा? जर्मनीभर सरकारी जन्मनोंद सुरू झाली ती १८७६ पासून. त्याआधीचे बहुतेक सगळे चर्चच्या वह्यांत. म्हणून शिक्षक, कारकून, पोस्टमन, सगळे चर्च ऑफिसात येऊ लागले आणि खेड्यापाड्यांतले पाळक वर्षानुवर्षे उतारे लिहीत बसले. नाझींच्या चर्च-धोरणाला विरोध करणाऱ्या कबुली मंडळीतल्या पाळकांनीही हे उतारे दिले. ज्या पानावर एखाद्या यहूदी माणसाचा बाप्तिस्मा नोंदला होता, तेच पान त्याच्या नातवाविरुद्ध पुरावा झाले. नव्या जन्माची नोंद जुन्या रक्ताचा शोध लावायला वापरली गेली. (आपल्याकडच्या काही जुन्या मिशन-नोंदींत बाप्तिस्म्याआधीची जात लिहिलेली असते, तेव्हा हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.)

बर्लिनमध्ये कार्ल थेमेल नावाच्या पाळकाने १९३६ पासून शहरातल्या मंडळ्यांच्या वह्या एकत्र आणून बाप्तिस्मा घेतलेल्या यहूद्यांची वेगळी कार्डे तयार केली. हे काम चर्चच्या कार्यालयात, चर्चच्याच माणसांनी केले. सप्टेंबर १९४१ मध्ये यहूद्यांना पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली, तेव्हा असे ख्रिस्ती लोकही तारा लावून उपासनेला आले. त्यांच्या शेजारी बसायचे की नाही, यावर मंडळ्यांत वाद झाले. १७ डिसेंबर १९४१ रोजी सात प्रांतिक चर्चच्या पुढाऱ्यांनी जाहीरच केले की यहूदी वंशाच्या ख्रिस्ती लोकांना आपल्या मंडळीत जागा नाही. गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय त्यांनी वाचला नव्हता असे नाही.

विरोध करणारे होते. मार्टिन नीमोलर यांनी पाळकांची संघटना उभारली आणि १९३४ मध्ये बार्मेनची घोषणा निघाली. पण त्या घोषणेतही यहूद्यांचे नाव नाही. मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते पाउल श्नायडर, डिकेनशीड आणि वोमराथ या दोन लहान खेड्यांचे पाळक. १९३४ मध्ये एका नाझी तरुणाच्या अंत्यविधीला तिथल्या नाझी पुढाऱ्याने मृताला स्वर्गातल्या नाझी तुकडीत पाठवले. श्नायडर यांनी कबरीजवळच त्याला अडवले. पुढे प्रांतबंदी झाली. ती मोडून ते आपल्या मंडळीकडे परतले. मग बूखनवाल्डची छळछावणी. तिथल्या कोठडीच्या खिडकीतून ते कैद्यांना वचन ऐकवत. १८ जुलै १९३९ रोजी त्यांना मारण्यात आले.

ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्टला चर्चच्या पुढाऱ्यांनी आपला दोष कबूल करणारे निवेदन काढले. वुर्म आणि नीमोलर यांच्या सह्या त्यावर आहेत. यहूद्यांचा उल्लेख त्यातही नाही. कार्ल थेमेल यांना काही वर्षांनी पुन्हा पाळकाचे काम मिळाले.