नवकंकरी : खेळांतील अडसर व इतिहासाचा पुरावा

तीन खडे एका ओळींत जुळविण्याचा नवकंकरी हा खेळ एकांत एक बसविलेल्या तीन चौकोनांवर खेळला जातो. घरें 24, प्रत्येक खेळाडूचे खडे 9. ‘नव’ व ‘कंकर’ (खडा) या पदांनीं संख्या व साधन दोन्ही सांगितलीं आहेत. ओळ जुळली कीं प्रतिपक्षाचा एक खडा उचलावयाचा. परंतु जुळलेल्या ओळींतील खड्यास सामान्यतः अभय असतें, हा मोठा अडसर. त्यावर कुशल खेळाडू दोन लगतच्या ओळी अशा मांडतो कीं, एकच खडा सरकवितां एक ओळ मोडते व दुसरी जुळते.

इतिहासकाराचा अडसर निराळा आहे. कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या 1283 च्या क्रीडाग्रंथांत हा खेळ आढळतो. त्या उल्लेखास निश्चित काल आहे. दगडावर कोरलेल्या पटास तो नसतो. अहमदनगरच्या किल्ल्याचा दगडी तट हुसेन निजामशहानें 1559 पासून बांधविला. अशा तटाच्या फरसबंदीवर पट आढळल्यास तो पुढील कोणत्याही शतकांतील पहारेकऱ्यानें कोरलेला असूं शकेल. उलट, उभ्या भिंतींतील चिऱ्यावर खेळणें अशक्य. तेथील पट चिरा बसविण्यापूर्वींचा असण्याचा संभव अधिक. म्हणून वास्तूचा काल पटास लावण्यापूर्वीं दगडाची बैठक पाहिली पाहिजे.