विद्यापीठ आणि त्याचा शेजार

ह्यूएनत्संग या चिनी यात्रेकरूच्या चरित्रात नालंदेविषयी एक उल्लेख आहे. राजाने शंभर गावांचे उत्पन्न महाविहारास लावून दिले होते आणि त्या गावांतील दोनशे घरे प्रतिदिनी तांदूळ, लोणी व दूध पोचवीत. त्यामुळे अध्ययन अखंड चाले. हा उल्लेख आपण अभिमानाने करतो; परंतु त्या दोनशे घरांतील मुले नालंदेच्या द्वारातून आत गेली काय, असे सहसा विचारीत नाही. द्वारावर तर पंडित बसलेला असे आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिल्यावाचून प्रवेश नसे. शेजाऱ्याने पोसावे आणि शेजाऱ्यानेच बाहेर राहावे, हा प्रश्न इतका जुना आहे. आज विद्यापीठांचा विस्तार होत असताना, नव्या जागा घेतल्या जात असताना व नवी कुंपणे उभी राहत असताना, तो पुन्हा विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्यासाठी मराठी माणसाच्या परिचयाची तीन नगरे आम्ही येथे घेत आहोत.

पहिले बडोदे. तेथील विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. परंतु त्याची अंगे शहरात कितीतरी आधीच रुजली होती. बडोदा कॉलेज १८८१ चे. संगीतशाळा १८८६ ची. तिची परंपरा आजही सूरसागराच्या काठी चालू आहे. कलाभवन १८९० चे. तेथे रंगकाम, विणकाम, सुतारकाम यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळे आणि चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनीही तेथे अध्ययन केले. कॉलेजाजवळच सर्वांस मोकळी असलेली कमाटीबाग, आणि बागेत १८९४ पासून पदार्थसंग्रहालय. श्रीसयाजीराव महाराजांनी या संस्था एका आवारात कोंडल्या नाहीत. त्या शहरभर विखुरल्या. दांडिया बाजारातील मराठी कुटुंबास कलाभवन म्हणजे परके आवार नव्हते, पलीकडच्या रस्त्यावरील शाळा होती. म्हणून विद्यापीठ झाले तेव्हा शहरास नवा पाहुणा आल्यासारखे वाटण्याचे कारण नव्हते. घरातल्याच मुलांना एक आडनाव मिळाले, इतकेच.

दुसरे हैदराबाद. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. आरंभीचे वर्ग शहरातील भाड्याच्या इमारतींत भरत. पुढे शहराबाहेर अडीकमेट येथे सुमारे १४०० एकरांची भूमी निवडण्यात आली आणि १९३९ साली कला महाविद्यालयाची भव्य वास्तू उभी राहिली. ती पाहून मान आपोआप लवते. इतक्या प्रशस्त योजनेस जुन्या शहरात जागा मिळाली नसती, हेही मान्य केले पाहिजे. परंतु दूर गेलेल्या विद्यापीठास शहर गाठतेच. तारनाका, अंबरपेठ, विद्यानगर या वस्त्यांनी कालांतराने त्यास वेढले, आणि रस्ता कोणाचा, आवार कोणाचे, हे प्रश्न मागाहून सोडवावे लागले. शिवाय कुंपण दगडाचेच असते असे नाही. तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा मात्र तेलुगू, मराठी किंवा कानडी. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थी काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना आश्रय मिळाला तो दूरच्या नागपूर विद्यापीठात.

तिसरे इंदूर. या नगराची कथा निराळी. कारण येथे विद्यापीठाचा विचार विद्यापीठाच्या फार आधी झाला होता. होळकर दरबाराने नगररचनेच्या कामी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितास पाचारण केले. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दोन खंडांच्या अहवालात नदी, गटारे, गल्ल्या, बागा यांच्याबरोबरच मध्य हिंदुस्थानासाठी इंदुरात विद्यापीठ असावे, हा विषयही विस्ताराने आला आहे. नगररचनेच्या अहवालात विद्यापीठाचे प्रयोजन काय, असे कोणासही वाटेल. गेडिसच्या मते मात्र हे दोन विषय नव्हतेच. केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ त्यास मान्य नव्हते. विद्यापीठाने आपल्या नगराचा व प्रदेशाचा अभ्यास करावा आणि त्या अभ्यासाचे फळ नगरास परत द्यावे, असा त्याचा आग्रह होता.

हा आग्रह पुस्तकी नव्हता. १८८६ साली विवाह झाल्यावर त्याने एडिंबरोच्या जुन्या, दाट व गलिच्छ वस्तीत बिऱ्हाड केले. तेथील पडकी घरे पाडण्याऐवजी दुरुस्त केली आणि १८८७ साली त्याच वस्तीत विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. विद्यापीठाच्या विस्ताराचा इतका साधा मार्ग आम्हांस दुसरा ठाऊक नाही. जुनी वस्ती उठवून वसतिगृह बांधावयाचे नाही. वस्तीतील घर नीट करून तेथे विद्यार्थी ठेवावयाचा. घर वाचते, शेजाऱ्यास सोबत मिळते आणि विद्यार्थ्यास ग्रंथांत न मिळणारा धडा मिळतो. हिंदुस्थानातील नगरांनाही त्याने हेच औषध सुचविले. आधी पाहणी, मग योजना. आणि शस्त्रक्रिया करावीच लागली तर शक्य तितका अवयव वाचवून. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. तेथे त्याच्यामागून डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये आले.

इंदुरात विद्यापीठ झाले ते १९६४ साली, म्हणजे अहवालानंतर ४६ वर्षांनी. १९८८ पासून ते देवी अहिल्याबाईंच्या नावाने ओळखले जाते. त्याचे एक आवार शहराच्या मध्यात आहे, दुसरे खंडवा रस्त्यावर. या दुसऱ्या आवाराकडे जाताना लागणाऱ्या भँवरकुआ भागात शिकवणीवर्ग आणि विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या दाटल्या आहेत. विद्येमुळे वस्ती बदलतेच. तो बदल योजनेने व्हावयाचा की बाजाराने, एवढेच आपल्या हाती असते.

येथे आमचा एक अनुभव सांगितल्यास वाचक क्षमा करतील. शहराचे नाव सांगण्याचे कारण नाही. आमच्या शाळेलगतच्या एका मोकळ्या जागेवर मुले पिढ्यान्‌पिढ्या खेळत. ती जागा एका उच्च शिक्षणसंस्थेच्या विस्तारात गेली. कायद्याने ती त्यांचीच होती. आमची तक्रार त्याबद्दल नाही. परंतु कुंपण घालण्यापूर्वी कोणी आम्हांस विचारले नाही, आणि सायंकाळचे दोन तास फाटक उघडे ठेवण्याची आमची विनंती सुरक्षेच्या कारणास्तव अमान्य झाली. ज्या मुलांनी उद्या त्या संस्थेत जावयाचे, त्यांची तिच्याशी पहिली ओळख कुलपाने झाली.

प्रयोगशाळेस कुलूप हवे, परीक्षागृहास पहारा हवा, हे आम्ही शिक्षक म्हणून जाणतो. परंतु वाचनालय, क्रीडांगण, बाग, सभागृह यांचे तसे नाही. ही अंगे आवाराच्या कडेला, वस्तीकडे तोंड करून असावीत. जुनी पायवाट बुजविण्यापूर्वी तिच्यावरून कोण जाते हे पाहावे. नवे वसतिगृह बांधण्यापूर्वी भोवतालची कोणती घरे दुरुस्त करून वापरता येतील याची मोजणी करावी, आणि ती विद्यापीठाच्याच विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. नकाशा काढल्यावर शेजाऱ्यास बोलावणे म्हणजे पंगत उठल्यावर आमंत्रण देणे होय.

इंदूरच्या विद्यापीठाने आपल्या दोन आवारांस नालंदा आणि तक्षशिला अशी नावे दिली आहेत. नावे उत्तम आहेत. जेथे जेथे अशी नावे दिली जातात तेथे त्या दोनशे घरांचेही स्मरण राहावे, आणि या वेळी द्वारावरच्या पंडिताने त्यांच्या मुलांना एखादी संध्याकाळ तरी प्रश्न न विचारता आत सोडावे, एवढीच आमची नम्र सूचना आहे.