एकशेवीस पाने

आश्विनात भात पिवळे पडू लागले, सकाळच्या दवाने पायवाटा भिजू लागल्या, की सावंतवाडीच्या बाजारात एक फेरी टाकायची, हा माझा जुना शिरस्ता. दुपारी ऊन असे तापते की छत्रीची गरज श्रावणापेक्षा आताच अधिक! पण संध्याकाळी मोती तलावाच्या काठी बसावे. १८७४ साली बांधलेला हा तलाव तेव्हा काठोकाठ भरलेला असतो आणि समोरच्या राजवाड्याची सावली पाण्यात हलत असते.

बाजारात चिताऱ्यांची खेळणी मांडलेली असतात. पांगाऱ्याचे हलके लाकूड, त्यावर लाखेचे रंग. आंबे, केळी, भातुकलीची चूल, एवढेसे पोळपाट-लाटणे. लाकडाच्या सीताफळाला हात लावून पिकले की नाही ते पाहणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. (ते गृहस्थ मीच, हे घरच्यांना सांगू नये.)

परंतु माझे पाय अडतात ते गंजिफेपाशी. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले वाटोळे पत्ते. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, खडूचा लेप देऊन, घोटून पाने करीत. मग चित्रे आणि वर लाख. खेळ आला इराणी वळणाच्या दरबारांतून. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. मोगली गंजिफेचे रंग आठ, पाने ९६. तीत ताज, शमशेर, गुलाम असा सारा दरबारी थाट. आपल्याकडे येताच दरबाराच्या जागी दशावतार बसले! दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा; मिळून १२०. परका खेळ इतक्या सहजपणे देवघरात नेणाऱ्या त्या अनामिक माणसाचे मला फार कौतुक वाटते.

खेळणारे तिघे. हुकूम नाही. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने उतरायचे; रात्री असेल तर कृष्णाचा. खरी कसोटी स्मरणाची: कोणती पाने पडून गेली हे ज्याला आठवते तो जिंकतो.

पुढे छापील बावन्न पानी पत्ते स्वस्त मिळू लागले आणि चिताऱ्यांचे हात थांबत चालले. १९७१च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी कारागिरांना थेट राजवाड्यात बसवून ही कला पुन्हा उभी केली. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळाले. पाने वाचली. खेळ मात्र वाचला असे म्हणवत नाही. गिऱ्हाईक मत्स्य आणि कूर्म चौकटीत घालण्यासाठी नेते. डाव कसा मांडतात, असे विचारणारा विरळा.

मी तरी काय वेगळे केले? कित्येक वर्षांपूर्वी घेतलेली माझी गंजिफा डबीतच होती. आजी खेळत असे म्हणतात; तिच्याकडून शिकायचे मात्र आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. नियम मला मिळाले ते पुस्तकांतून.

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. त्या दिवशी खेळायला शास्त्राचीच मुभा. गेल्या वर्षी त्या रात्री फराळाची ताटे सरकवून मी, सौभाग्यवती आणि नात असे तिघे बसलो. चाळीस-चाळीस पाने हातांत धरता येईनात, तेव्हा नातीने आपली तांदळाच्या सुपात मांडली. कृष्णाचा राजा तिच्याकडेच निघाला. मध्यरात्रीपर्यंत दोनच डाव झाले, आणि दोन्ही तिने जिंकले. कोणते पान केव्हा पडले ते तिला तोंडपाठ होते. निजायला जाताना तिने विचारले, "आजोबा, उद्या दिवसा खेळलो तर राम कोणाकडे येईल?"