तिसरे कलम आणि पंचाचा विवेक

1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्ज्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकून जो खेळ आरंभिला, त्या बास्केटबॉलच्या मूळ 13 कलमांपैकी तिसरे मला सर्वांत विचारगर्भ वाटते. चेंडू घेऊन धावण्यास त्यात साफ मनाई आहे. परंतु भरवेगात असता ज्याने चेंडू झेलला, त्याने थांबण्याचा यत्न केल्यास त्यास सवलत द्यावी, अशी तजवीजही तेथेच आहे. ही सवलत किती पावलांची, हे कलमात लिहिलेले नाही. तो फैसला पंचाच्या विवेकावर राहिला, आणि पावलांवरून आजही होणाऱ्या तंट्यांचे मूळ मी याच मोकळ्या जागेत पाहतो.

पंचही दोन होते: एकाची हुकमत माणसांवर, दुसऱ्याची चेंडूवर. ही वाटणी मोठी शहाणपणाची, कारण एकच दृष्टी हातांवर आणि चेंडूवर एकाच वेळी खिळत नाही.

पुढे पावलांची मोजदाद नियमात आली. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने, धावता खेळाडू चेंडू ताब्यात घेत असता जमिनीवर असलेले पाऊल न मोजता, त्यानंतर दोन पावलांची मुभा दिली. मात्र चेंडू नेमका कोणत्या क्षणी ताब्यात आला, हे आजही पंचच ठरवतो.