स्वतःची म्हणून लावलेली तंबाखू

तंबाखूचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. ती कोणत्या गलबतातून आली, कोणत्या बादशहाने ओढली आणि कोणत्या बादशहाने तिच्यावर बंदी घातली, हे सारे पुस्तकांत सापडते. विजापूरहून परतलेल्या असद बेगाने अकबरापुढे तंबाखू आणि रत्नजडित चिलीम ठेवली, ही कथा तर इतिहासाच्या प्राध्यापकांना फार प्रिय आहे. परंतु ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यासाठी तंबाखू पिकवली, त्याने ती स्वतःसाठी, स्वतःच्या झोपडीमागे पहिल्यांदा केव्हा लावली? आणि लावली तेव्हा त्याचे काय झाले? हा प्रश्न प्रस्थापित इतिहासकाराला पडत नाही. तो पडण्यासाठी दुसऱ्याच्या खळ्यावर राबलेल्या घरात जन्म घ्यावा लागतो.

या प्रश्नाचा माग काढायचा तर अमेरिकेतील व्हर्जिनियाला जावे लागते. हे वळण आपल्याला नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला होता. १९७२ साली मुंबईत आमच्या पोरांनी संघटनेला नाव दिले तेही तिकडच्या काळ्या तरुणांकडून घेतले. तेव्हा व्हर्जिनियातला तंबाखूचा मळा आपल्या वाड्या-वस्त्यांपासून वाटतो तितका दूर नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर व्यसनमुक्तीचे काम करणारे मित्र माझ्यावर धावून येतील. मी तंबाखू खात नाही, ओढत नाही आणि तिचा पुरस्कारही करीत नाही. तरीही गेल्या पावसाळ्यात घरामागच्या तुकड्यात मी बारा रोपे लावली. पुस्तकांत ‘तंबाखूचे कष्टाचे पीक’ असे तीन शब्द लिहून पुढे जातात. ते कष्ट म्हणजे नेमके काय, हे हाताला कळावे एवढाच हेतू.

बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे बसतात. नुसते फेकले तर एका जागी गोळा होते. म्हणून राखेत किंवा बारीक वाळूत कालवून वाफ्यात टाकायचे. दीडेक महिन्यात तरवा तयार झाला की तो उपटून एकेक रोप लावायचे. रोप कमरेएवढे झाले, कळी दिसू लागली की शेंडा खुडायचा. नाहीतर सारा जोर फुलाला जातो आणि पान हलके राहते. शेंडा खुडला की पानांच्या बगलांतून फुटवे निघतात. ते दर आठवड्याला मोडायचे. अळ्या पान उलटून हाताने वेचायच्या. या सगळ्यात पानाचा चीक बोटांना बसतो, काळा पडतो, साबणाने जात नाही आणि त्या हाताने मोडलेली भाकरी कडू लागते. ओल्या पानांत पुष्कळ वेळ काम केले तर विष कातडीतून अंगात जाते. मळमळते, डोके गरगरते. पुढे सुकवणीचा वेगळाच तंत्र. सावलीत टांगलेले पान हिरव्याचे पिवळे आणि पिवळ्याचे तपकिरी होईपर्यंत आठवडे जातात. कोरड्या हवेत त्याला हात लावला तर चुरा. दमट हवा येण्याची वाट पाहायची आणि तेवढ्यात काम उरकायचे. बारा रोपांनी मला कार्तिकापर्यंत बांधून ठेवले. व्हर्जिनियात एकेका गुलामाच्या वाट्याला हजारो रोपे असत. १९३६ ते १९३८ या काळात तिकडच्या सरकारने हयात असलेल्या वृद्ध माजी गुलामांच्या मुलाखती नोंदवून घेतल्या. पानावर अळी राहून गेली तर मुकादम ती तोंडात घालायला लावी, अशा साक्षी त्यांत आहेत. मी त्या पूर्वी वाचल्या होत्या. अळ्या वेचल्यावर पुन्हा वाचल्या.

व्हर्जिनियात जॉन रॉल्फ नावाच्या इंग्रजाने १६१२ च्या सुमारास कॅरिबियन बेटांकडचे गोडसर बी लावले. तिथल्या मूळ रहिवाशांची तंबाखू होतीच, पण ती इंग्रजांना तिखट लागे. बी बाहेरचे, जमीन मूळ रहिवाशांकडून बळकावलेली, उरले हात. १६१९ च्या ऑगस्टअखेर पॉइंट कम्फर्टच्या किनाऱ्यावर अंगोलातून धरून आणलेली वीसेक माणसे एका जहाजाने अन्नधान्याच्या मोबदल्यात उतरवली. पुढे तंबाखूच तिथे चलन झाली. कर तंबाखूत, दंड तंबाखूत. अठराव्या शतकात पाद्र्याचा सालाचा पगार सोळा हजार पौंड तंबाखू! धर्माचे बलुते कोणाच्या घामातून जाते, हे आपल्या वाचकाला निराळे समजावण्याची गरज नाही.

१६२१ साली असाच एक माणूस तिथे उतरला. कागदावर त्याचे नाव ‘अँटोनिओ, निग्रो’ एवढेच. बेनेट नावाच्या इंग्रजाच्या तंबाखूच्या मळ्यावर तो जुंपला गेला. पुढच्याच वर्षी मूळ रहिवाशांनी त्या मळ्यावर हल्ला केला. पन्नासाहून अधिक माणसे मेली, वाचलेल्या मोजक्यांत हा होता. मेरी नावाच्या काळ्या बाईशी त्याने संसार थाटला. त्या काळी गुलामीचा कायदा अजून पुरता घट्ट झाला नव्हता, फटी होत्या. त्या फटींतून हे जोडपे बाहेर पडले, स्वतंत्र झाले. अँटोनिओचा अँथनी जॉन्सन झाला. १६५१ साली नॉर्दम्प्टन परगण्यात त्याला अडीचशे एकर जमीन मिळाली आणि ज्या हातांनी त्याने बेनेटची तंबाखू लावली त्याच हातांनी स्वतःची लावली.

त्याच परगण्याच्या कोर्टाच्या दप्तरात १६४५ च्या सुमाराची एक नोंद आहे. अँथनी नावाचा काळा माणूस आणि एक गोरा कॅप्टन मक्याच्या शेतात उभे राहून वाटणी करतात. वाटणी झाल्यावर तो काळा माणूस म्हणतो, की बरे झाले, आता माझी जमीन कोणती ते मला कळले. मनात येईल तेव्हा राबेन, मनात येईल तेव्हा खेळेन. हा अँथनी म्हणजे जॉन्सनच, असे काही इतिहासकार मानतात. तो असो वा दुसरा, हे उद्गार कोर्टाच्या कारकुनाने लिहून घ्यावेत असे त्यालाही वाटले, हे महत्त्वाचे. राबण्याची तक्रार त्यात नाही. राबणे कोणाच्या मर्जीने, एवढाच त्याचा मुद्दा आहे.

इथे थांबून अँथनीची तसबीर भिंतीला लावता आली असती. पण त्याच दप्तरात १६५५ सालचा एक निकाल आहे आणि तो झाकून ठेवणे आपल्या चळवळीला शोभणारे नाही. जॉन केसर नावाचा एक काळा माणूस अँथनीच्या मळ्यावर राबत होता. माझी करारातली वर्षे केव्हाच संपली, असे तो सांगत होता. तो सुटून शेजारच्या गोऱ्याकडे गेला. अँथनीने दावा लावला, जिंकला आणि केसर आयुष्यभरासाठी त्याच्याकडे परत आला. स्वतःची जमीन मिळालेल्या माणसाने दुसऱ्याच्या अंगावर मालकी सांगितली. बाबासाहेबांनी ‘श्रेणीबद्ध विषमता’ म्हणून जी व्यवस्था दाखवून दिली तिचे हेच तर वैशिष्ट्य आहे: प्रत्येक पायरीला खालची पायरी दिली की शिडी मोडायला कोणी उठत नाही. आपल्यातही नोकरीला लागलेला भाऊ गावाकडच्या भावाशी कसा वागतो, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

आणि त्या पायरीचे मोल काय ठरले? अँथनी १६७० साली वारला. व्हर्जिनियातल्या त्याच्या जमिनीचा प्रश्न निघाला तेव्हा पंचांनी निर्णय दिला, की तो निग्रो होता, म्हणून परका होता. जमीन सरकारजमा करता येते. चाळीसहून अधिक वर्षे त्या मातीत काढून माणूस परका! कोर्टाने त्याला केसर मिळवून दिला तेव्हा तो परका नव्हता. जमिनीचा प्रश्न आला तेव्हा झाला. त्याच्या नातवाने १६७७ साली मेरीलँडमध्ये चव्वेचाळीस एकर घेतले आणि त्या तुकड्याला नाव दिले ‘अंगोला’.

पुढे फटी बुजवल्या गेल्या. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्याने गुलामाची घोडी, गुरे, डुकरे जप्त करून विकावीत आणि पैसा परगण्यातल्या गोरगरिबांसाठी खर्च करावा असे ठरवले. गुलामाचे डुक्कर विकून दानधर्म! मनूने आठव्या अध्यायात दासाला ‘अधन’ म्हटले आहे. तो जे मिळवील ते त्याच्या धन्याचे. दोन कायदे, दोन खंड, मध्ये हजार-दीड हजार वर्षांचे अंतर. ज्याने अटलांटिकपलीकडचा कायदा लिहिला त्याने मनू वाचला नव्हता. वाचायची गरजही नव्हती. दुसऱ्याच्या श्रमावर बसलेला माणूस कुठेही बसला तरी त्याला हाच श्लोक सुचतो.

आता थॉमस जेफर्सन. सारी माणसे समान जन्माला आली आहेत, हे १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणारा. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात त्याचा आदराने उल्लेख केला आहे, आणि तो योग्यच होता. पण त्याच लेखणीने जून १७९८ मध्ये जावयाला लिहिलेले एक पत्र आहे. मळ्यावरचे गुलाम रिकाम्या वेळात स्वतःसाठी थोडी तंबाखू लावू लागले होते. जावयाने ती बंद पाडली. जेफर्सन त्याचे आभार मानतो आणि आपला अनुभव सांगतो, की जे मळ्यावर पिकत नाही तेवढेच त्यांना पिकवू द्यावे. एरवी त्यांचे कोणते आणि माझे कोणते, याची रेघ ओढता येत नाही.

हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे. जेफर्सनच्या घरात गुलामांकडून कोंबड्या, अंडी, भाजी विकत घेतली जाई. त्याचे हिशेबही उपलब्ध आहेत. म्हणजे गुलामाने काहीच पिकवू नये असे त्याचे म्हणणे नव्हते. काकडी लावा. अंडी विका. तंबाखू मात्र नको, कारण बाजारात दोन्ही पाने सारखीच दिसतात! गुलामाच्या हातातले पान चोरीचे की स्वतःचे, हे पानावरून ओळखता येत नाही. आता हाच तर्क उलटा करून पाहा. धन्याच्या कोठारात रचलेले पान कोणाचे, हे तरी पानावरून कसे ओळखावे? दोन्ही एकाच हाताने लावलेली, त्याच हाताने शेंडा खुडलेली. झोपडीमागची चार रोपे जेफर्सनला नकोशी होतात ती चोरीच्या भयाने, असे तो म्हणतो. मला वाटते, त्या चार रोपांमुळे उरलेल्या साऱ्या मळ्याविषयी प्रश्न उभा राहत होता.

माझी आई सीमाभागातल्या एका वखारीत तंबाखू चाळायला जात असे. संध्याकाळी बायका बाहेर पडताना दारात झडती व्हायची. ओचा झटकून दाखवायचा, पदर सोडून दाखवायचा. चिमूटभर तंबाखू बाहेर जाऊ नये म्हणून. नाकातोंडातून छातीत गेलेली तंबाखू मात्र कोणी परत मागितली नाही. ती तिने खोकत खोकत घरी आणली. जेफर्सनची रेघ मला समजली ती या झडतीमुळे.

जमीन आणि पीक हिरावले जाते, तशी अक्कलही हिरावली जाते. १८३९ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल परगण्यात स्टीफन नावाचा तरुण गुलाम रात्री तंबाखूच्या कोठारातली आग राखीत होता. तो लोहारकामही करी. डोळा लागला, आग विझत आली. जागा होताच त्याने भट्टीचे लोणारी कोळसे आणून टाकले. एकदम चढलेल्या कोरड्या आचेने पान तपकिरी न होता सोन्यासारखे पिवळे झाले. त्या पिवळ्या तंबाखूने पुढे सिगारेटचा धंदा उभा राहिला; आज आंध्रात गुंटूर-प्रकाशमकडे बंद कोठारात आच देऊन सुकवतात ती याच घराण्यातली. ही युक्ती नाव आणि पैसा घेऊन आली ती स्टीफनच्या मालकाच्या, स्लेडच्या घरी. स्टीफनचे आडनाव काय होते? मालकाचेच.

१८६५ साली गुलामी कायद्याने गेली. तंबाखूच्या मुलखात वाट्याची शेती आली. बी उधार, खत उधार, पीक निघाल्यावर हिशेब जमीनदाराच्या वहीत. वही कोणाच्या हातात, हा प्रश्न जमिनीइतकाच मोठा आहे.

आपल्याकडे हा प्रश्न कामठीत विचारला गेला. नागपूर-भंडाऱ्याकडे विडीच्या धंद्यात आमची माणसे मोठ्या संख्येने होती. तेंदूचे पान जंगलखात्याच्या ठेक्यातले, तंबाखू बाहेरून आलेली, हात तेवढे स्वतःचे. दिवसभर वळलेल्या विड्यांतून ठेकेदार ‘छाट’ काढी: या वाकड्या, त्या सैल, यांची मजुरी नाही. परंतु छाटलेल्या विड्या मजुराला परत मिळत नसत. ठेकेदार त्या ठेवून घेई. विडी वाईट, म्हणून मजुरी नाही. पण विकण्याइतकी चांगली! या छाटीवरून इतके तंटे होत की १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात त्यांच्यासाठी वेगळे कलम घालावे लागले. त्याच्या तीन दशके आधी कामठीच्या बाबू हरदासांनी विडी मजुरांना संघटित केले आणि ठेकेदाराला वगळून सहकारी तत्त्वावर विडीचे काम उभे केले. तंबाखू मजुरांची, पान मजुरांचे, विडीही मजुरांची. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने गेले, तेव्हा वय पस्तीस. ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द रूढ करणारे हरदास सर्वांना ठाऊक आहेत. विडीचा हिशेब मजुराच्या वहीत लिहू पाहणारे हरदास तेच.